काजूच्या धुरात बिब्ब्याचा वास

१५/२/९९, कोल्लम

आज ड्रमवर एकट्यानं पाळी काढली. राजन मेस्त्री बाजूला विडी ओढत बसला, एकदाही उठला नाही.

काजू भाजायचा ड्रम म्हणजे लोखंडी टाकी आडवी पाडल्यासारखा. खालून जाळ, आणि फिरवत राहायचं. टरफलातलं तेल पेटतं, मग काजूच काजूला भाजतात. वरून कोळसा झाला पाहिजे, आत पांढरा राहिला पाहिजे. घड्याळ लावून होत नाही हे. धुराचा वास बदलतो, त्या क्षणी काजू बाहेर ओढायचे. मला तो वास पहिल्या आठवड्यातच कळला होता. मेस्त्री म्हणतो, बॉम्बे, तुझं नाक मल्याळी आहे. (नाशिक सांगून दमलो. ह्यांना तिकडचं सगळं बॉम्बेच.)

घरी कळवावं का? अण्णांना खरं वाटणार नाही. राहू दे.

१९/२

बाजारात नाशिकच्या कांद्याची गोणी दिसली. हात ठेवून उभा राहिलो जरा वेळ. येड्यासारखा.

मी पण इथं कांद्याबरोबरच आलो. नामदेव ड्रायव्हरच्या ट्रकवर क्लीनर होऊन, विंचूरहून. गाडी खाली झाली, नामदेव म्हणाला चल, मी म्हटलं तुम्ही व्हा पुढं. का, ते अजून सांगता येत नाही. त्याच्या आधी सातपूरची कंपनी सोडली, नाशिक रोडचं हॉटेल सोडलं, सुरत सोडली. बरं चाललेलं असतं आणि पायात मुंग्या येतात, की निघालो. सातवीतून पण तसाच निघालो होतो. अण्णांचा गुलाबाचा मळा आहे, त्यांचं ठरलेलं बोलणं, तेही पंचवटीच्या फूलबाजारात चार लोकांसमोर. ‘गुलाबाला काटे देठाला असत्यात, आमच्या संपतला बुडाला.’

इथं राहिलो म्हणून फोनवर कळवलं तेव्हा मात्र हसले नाहीत. म्हणाले, ‘ऱ्हा. पण तिथनं पण निघालास तर माघारी येऊ नको. गाव इचारतं संपत आता कुठं, आन् मला दर बारीला नवीन सांगाया येत नाय.’

पावसाळ्यात आलो होतो. अजून मुंग्या आल्या नाहीत. हे लिहून ठेवतो.

२७/२

धुराचा वास ओळखीचा का वाटत होता ते आज कळलं. ड्रमचं तोंड उघडलं, भपकारा आला, आणि मी आमच्या चुलीपुढं.

बिब्बा. बिब्ब्याचा वास हा.

मळ्यात सगळ्यांच्याच टाचा काट्यांनी भरलेल्या. काटा निघाला तर ठीक, मोडून आत राहिला की आई डब्यातून बिब्बा काढायची. दाभणाला टोचून चुलीत धरायची. तो चरचरायचा, फुगायचा, काळं तेल सुटलं की टाचेवर टेकवायची. मी उपडा, दादा माझे पाय धरून बसलेला, आणि हसत असायचा हलकट. चटका बसायचा तो असा की डोळ्यापुढं काजवे. मग आई पायावर फुंकर घालायची. ‘झालं झालं. काट्यापरीस बिब्बा बरा.’ एवढ्या मोठ्या घरात ती फक्त माझ्याकडं बघायची ती तेवढाच वेळ. काटा नसताना पण मी कधीकधी मोडला म्हणायचो.

मेस्त्री ओरडला, बॉम्बे, जळाले. खरंच जळाले होते थोडे.

७/३

आज गावी रंगपंचमी असणार. जुन्या नाशकात रहाडी उघडल्या असतील. रंगाच्या पाण्यानं भरलेला तो मोठा हौद, त्यात वरून उडी. एकदा मी आणि दादा पंचवटीतून भिजलेले, लाल, तसेच चालत मळ्यावर आलो होतो. आईनं दारातच अडवलं, म्हशीच्या हौदावर पाठवलं.

इथं कोणाला रंगपंचमी माहीत नाही. बोटांच्या बेचक्यात खाज आहे दोन दिवस. घाम असेल.

१८/३

पाडवा. गुढी नाही, श्रीखंड नाही. दोन्ही हातांवर पाण्याचे फोड आलेत, मोहरीएवढे. मनगटापर्यंत. खाजवलं की फुटतात, फुटले की आग.

मासळीमुळं असणार. इथं रोज ती छोटी मासळी, मत्ती म्हणतात. आपल्या अंगाला सवय कुठं. परवा खाल्ली, काल अंगावर आली.

२४/३

मासळी बंद केली. ताक-भात खातोय. फरक नाही.

रविवारी सुट्टी, मंगळवारपर्यंत हात जरा सुकतात, बुधवार आला की परत. मग बुधवारी काय खाल्लं ते आठवत बसतो. साबण बदलला. विहिरीचं पाणी सोडून नळाचं घेतलं. शेजारच्या खोलीतल्या पोराचा टॉवेल चुकून वापरला होता, त्याच्याशी उगाच भांडलो.

सरसम्मा म्हणून एक बाई आहे, टरफलं फोडायच्या शेडमध्ये सगळ्यात जुनी. तिचे हात बघितले. राखेनं आणि तेलानं काळे, दगडासारखे, एक फोड नाही. तिचं हिंदी सिनेमातलं. म्हणाली, ‘बॉम्बे, तुझे हात राजाचे. घरी बायको नाही का चोळायला?’ सगळी शेड हसली.

३०/३

गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर आईला बोलावून घेतलं. ती धावत आली असणार, धाप लागली होती. फोड सांगितले. तिला बघायला पण लागलं नाही. उष्णता झाली म्हणाली. नायतर नजर. ‘तू कामात चांगला म्हनून कुणी तरी बघितलं तुझ्याकडं.’ नामदेवच्या हाती औषध देते म्हणाली.

आई म्हणजे आईच. पत्त्यावर आजार पाठवा, औषध परत येतं.

८/४

मोठी बातमी. त्यांचा वर्षाचा सण आहे, विषू. तो झाला की दुसरा ड्रम सुरू होतोय आणि तो माझ्याकडं. हाताखाली दोन माणसं. मेस्त्री मालकाशी बोलून आलाय. मला बघून म्हणाला, पण तू राहणार ना? तुम्ही उत्तरेकडचे पाखरासारखे.

राहणार म्हटलं. असं मी कुणाला कधी म्हटलेलं आठवत नाही.

हाताला फडकी गुंडाळून काम करतो. मेस्त्रीला वाटतं चटक्यासाठी. त्याला दिसू द्यायचं नाही.

१३/४

नामदेव आला. कांदा उतरवायच्या आत पिशवी दिली. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, अण्णांनी सुतळीनं बांधलेली गुलाबाची वाळकी कळी (अण्णांनी? नामदेव म्हणतो हो, त्यांनीच टाकली) आणि मूठभर बिब्बे. एक काळ्या दोऱ्यात ओवलेला, नजरेसाठी.

निरोप होता की बिब्बा टाचेला लाव, भेगेत. अंगातली उष्णता पायातून उतरते.

टाचेला भेग आहेच, ड्रमपुढच्या तापलेल्या फरशीनं पडलेली. खोलीत स्टो पेटवला, सुई टोचून बिब्बा धरला. चरचरला. खोलीभर आमचं घर. टेकवला. फुंकर घालायला कोणी नव्हतं तर स्वतःच वाकून घातली. बरं वाटलं. दोरा पण गळ्यात घातला.

१६/४

लिहिता येत नाही नीट. बोटं सुजलीत.

परवापासून टाच, मग पाऊल पोटरीपर्यंत. पाणी गळतंय. काल सकाळी उठलो तर डोळे उघडेनात. तोंड भाकरीसारखं. गळ्याभोवती दोऱ्याच्या रेषेत फोड.

सरसम्मा खोलीवर बघायला आली, कामाला का नाही म्हणून. गळ्यातला बिब्बा बघितला आणि मागं सरकली. ‘चेरू!’ म्हणाली. त्यांच्याकडं ह्या झाडाला चेरू म्हणतात आणि लोक त्याच्या सावलीतून पण जात नाहीत. जाताना हात जोडतात म्हणे, अंगावर येऊ नको म्हणून. मी सांगितलं, आमच्याकडं लहान पोरांच्या गळ्यात बांधतात. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, थांबेना. ‘उद्या साप पण बांधाल.’

हसत हसतच तिनं मला दवाखान्यात नेलं. काठीनं दोरा तोडला, हात लावला नाही.

१८/४

आज आखाजी. घरी आमरस असणार. हे मुद्दाम लिहितो कारण डॉक्टरीणबाईंनी आंब्याचं पण काढलं.

बाईंचा नवरा मिल्ट्रीत होता, म्हणून हिंदी चांगलं. गोळ्यांनी सूज उतरली आहे. आज बसवून सगळं विचारलं. कुठला, काय काम, लहानपणी हा बिब्बा कितीदा लावला. मी म्हटलं मोजलं नाही, पुष्कळदा. कधी असं झालेलं? एकदा झालेलं. दहा-अकरा वर्षांचा असताना पाय सुजून पिंप झाला होता. आई म्हणाली बिब्बा उतला, खोबरं-तीळ वाटून लावलं, बरा झालो. पुढच्या काट्याला परत बिब्बाच.

मग बाईंनी जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो.

अंगात पहारेकरी असतात. रक्तात फिरतात, कातडीत बसतात. बाहेरचं काही आत आलं की त्यांचं काम. नवीन असेल तर आधी नुसतं तोंड बघून ठेवतात. म्हणून पहिल्या खेपेला काही होत नाही. पण तोंड विसरत नाहीत. परत तेच आलं की शिट्टी, आणि सगळे धावतात. बाईंनी मला बाही वर करायला लावली, दंडावरचा लसीचा वण दाखवला. म्हणाल्या, तिथं हेच केलंय, चोर येण्याआधी पहारेकऱ्यांना त्याची ओळख करून दिली. चांगली गोष्ट आहे ही. फक्त कधीकधी ते चुकतात. पाहुण्याला चोर समजतात. फोड, सूज, पाणी, हे सगळं त्या तेलानं केलं नाही, तुझ्याच माणसांनी केलं. पाहुण्याला मारायला स्वतःच्या घराची कौलं काढली.

मी विचारलं, सरसम्माला का नाही मग? म्हणाल्या, ते पूर्ण कोणालाच सांगता येत नाही. एकाचे पहारेकरी सोडून देतात, एकाचे लक्षात ठेवतात. मी मनात म्हटलं, माझे अण्णांवर गेलेत.

आमच्या वहिनीचं पण विचारलं. शेवंतीची तोडणी आली की ती शिंकून शिंकून बेजार, डोळे लाल. बाई म्हणाल्या ती वेगळी तुकडी, लगेच धावणारी. फूल नाकापाशी आलं की शिंक. त्यातच कोणाचा घसा सुजला, श्वास अडकला, तर मात्र जिवावरचं, लगेच दवाखाना. माझी तुकडी संथ. आज हात लागला तर दोन दिवसांनी येणार. ‘म्हणून तू मासळीला धरलंस.’

म्हणजे सोमवारच्या ड्रमचं बुधवारी. आणि मी बुधवारचं ताट चाचपत होतो. त्या टॉवेलवाल्या पोराची माफी मागायला पाहिजे.

आणि शेवटचं. बिब्बा, काजू, आंबा, तिघं एका भावकीतले. तिघांच्या अंगात जवळजवळ तेच तेल. बिब्ब्यात आहे, काजूच्या टरफलात आहे, आंब्याच्या सालीत आणि चिकात थोडं आहे. पहारेकऱ्यांना तोंडावळा सारखाच दिसतो. आंबा दातानं सोलायचो तेव्हा दर वर्षी ओठ फुटायचे. आई म्हणायची, आंबा बाधतो तुला. आखाजीला ती माझा आंबा वेगळा सोलून द्यायची. तिला काय माहीत, ते बरोबरच करत होती.

विचारलं, अंग विसरत नाही का हे कधी?

बाई म्हणाल्या, नाही. शाळेतलं विसरला असशील. हे नाही.

१९/४

दिवसभर खोलीत. एकच डोक्यात. ज्या वासामुळं मी इथं टिकलो, तो वास माझ्या अंगाला

जाऊ दे.

२६/४

हात बरे झालेत. बाईंना म्हटलं, कदाचित फक्त बिब्ब्यानं असेल, काजूनं नसेल. हसल्या नाहीत. बघू म्हणाल्या. काजूच्या टरफलाचं तेल खूप पातळ करून त्याचा थेंब पाठीवर लावला, वर पट्टी. ओली करायची नाही, दोन दिवसांनी ये.

विषूला मेस्त्रीनं सगळ्यांना नाणी वाटली, माझं ठेवून घेतलं होतं, ते आज दिलं. दुसरा ड्रम येऊन पडलाय. पिवळा रंग लावलाय त्याला. मी त्याच्याभोवती फिरून आलो. हात लावला नाही.

२८/४

पट्टी काढली. बाईंनी दोन आरसे धरून दाखवलं. पट्टीच्या मधोमध लाल गोल, वर फोड.

म्हणाल्या, ड्रम नको. हातमोजे घातले तरी धूर आहे, धुरात तेल आहे. राहिलास तर दर वेळी वाढेल.

मी विचारलं, ह्यात माझ्या आईची काही... त्यांनी पुरं बोलू दिलं नाही. म्हणाल्या, तुझ्या गावात किती जणांना लावला असेल, कितींना झालं? आधी कोणाला कळणार होतं? फक्त ह्यापुढं कोणाला लावू नका म्हणावं.

२९/४

मेस्त्रीला सांगितलं. आधी पाठ दाखवली, मग हात. त्यानं विडी विझवली. मग म्हणाला, जायचंच होतं तर नुसतं सांगायचं, पाठ कशाला भाजून घेतली.

म्हणजे इथं पण तेच. मी पहिल्यांदा राहायचं म्हणतोय आणि कोणाला खरं वाटत नाही. मन बसलं तर अंग उठलं.

अण्णांना काय सांगणार? की अंगातले पहारेकरी? गाव पोट धरून हसेल. संपतनं नवीन कारण काढलं.

३०/४

सरसम्मा मेस्त्रीशी भांडली. मला नंतर कळलं. तिनं त्याला विचारलं म्हणे, पोराचं तोंड तू बघितलं होतंस का? मी बघितलं.

मेस्त्रीनं बोलावलं. निवडाईच्या खोलीत जागा आहे. टरफल निघालेले, भट्टीत वाळवलेले, साल काढलेले गर. ते बघून वेगळे करायचे, अख्खे, पाकळ्या, तुकडे. तेल तिथं जवळजवळ नसतं. पण ते बायकांचं काम. तिथं पुरुष कोणी बसत नाही. दिवसभर मांडी घालून. पगार पण बायकांचा.

विचार करून सांगतो म्हटलं. बाहेर आलो आणि पायात मुंग्या. बऱ्याच महिन्यांनी. स्टेशन इथून चालत जायच्या अंतरावर आहे.

डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. म्हणाल्या, करून बघ, पातळ मोजे घालून. खात्री देत नाही. अंगाला दोन-तीन दिवस द्यायचे, मग तेच सांगेल.

३/५

बसलो.

खोलीत साठेक बायका आणि मी. आत शिरलो तर एकदम शांतता, मग एकदम आवाज. मला ‘बॉम्बे चेची’ म्हणतात. चेची म्हणजे ताई. एकीनं केसात माळायला मोगऱ्याचा तुकडा पुढं केला. मी घेतला आणि कानावर ठेवला. मग जागा दिली.

पांढरे गर. धूर नाही, वास नाही, काही नाही. दुपारपर्यंत गुडघे बधिर झाले. तरी माझा ढीग वाईट नव्हता. गुलाब निवडायची सवय, लांब देठाचे वेगळे, उमललेले वेगळे. आई आणि वहिनी निवडायच्या, मी मध्येच उठून पळायचो.

३/५

फोन. आईच आली आधी.

‘लावला ना बिब्बा?’

‘लावला.’

‘मंग? उतरलं?’

एसटीडीवाल्याचा मीटर लाल आकडे पळवत होता. बाईंनी सांगितलेलं सगळं तोंडात होतं. तिची ती धाप ऐकू येत होती.

‘उतरलं,’ म्हणालो.

‘मी सांगत व्हते ना. नामदेव यायचाय, अजून देते.’

‘नको आई. आणि इकडं डॉक्टरीण म्हणते आता कोणालाच लावायचा नाही. नवीन निघालंय.’

‘डाक्टरला काय कळतंय काट्यातलं,’ म्हणाली. पण आवाज बारीक झाला. मग म्हणाली, ‘तुला बाधला का रं?’

तेवढ्यात अण्णांनी फोन घेतला. परवा मी नामदेवला ट्रान्सपोर्टच्या फोनवर ड्रमचं बोललो होतो, त्यानं त्यांना आधीच सांगितलं होतं.

‘ड्रम सोडला म्हनं.’

‘ड्रम सोडला. फॅक्टरी नाही.’

‘अंगाला झेपत नाय म्हनं.’

‘नाही झेपत अण्णा.’

‘मंग काय करतोस?’

सांगून टाकलं. बायांमध्ये काजू निवडतो. आता ऐकू येईल हसू म्हणून फोन जरा लांब धरला.

‘बसून?’

‘बसून.’

‘दिवसभर?’

‘दिवसभर.’

मीटरचे आकडे पळत राहिले. मला वाटलं लाइन कटली.

‘तू बसलास,’ अण्णा म्हणाले. मग, ‘बघू.’ आणि फोन ठेवला.

५/५

सकाळी उजेड झाल्या झाल्या हात धरून बघितले. डावा स्वच्छ. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक लाल ठिपका. डासाचा असेल. खाजत नाही. मुद्दाम खाजवून बघितलं नाही.

सरसम्माला दाखवला कामावर जाताना. तिनं उन्हात धरून बघितला, फिरवून बघितला. मच्छर म्हणाली. मग म्हणाली, माहीत नाही.

पिवळ्या ड्रमवर आज नवीन माणूस होता. जाळ मोठा ठेवलाय त्यानं. धुरावरून कळलं, आता ओढायला पाहिजेत. थांबलो नाही.

आत गेलो. मोजे घातले. मांडी घातली.